भ्रमाचा भोपळा आणि खरा भोपळा

मराठी भाषेने भोपळ्यावर जितका अन्याय केला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही फळावर केला नसेल. परीक्षेत शून्य गुण मिळाले तर हाती भोपळा, दोघांचे पटेनासे झाले तर विळ्याभोपळ्याचे वैर, आणि एखादी समजूत खोटी ठरली तर फुटतो तोही भ्रमाचा भोपळाच! गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी असे दोन भोपळे फुटले. एक खरा, एक भ्रमाचा. खरा माझ्या हातून फुटला. भ्रमाचा फुटला तो माझ्या भाच्याचा. या सदराच्या वाचकांना वर्षभर मी नसत्या उठाठेवी सांगतच असतो; फराळाच्या ताटाबरोबर ही आणखी एक चालून जाईल.

खऱ्या भोपळ्याची हकीकत आधी सांगून टाकतो, कारण ती कबुलीच आहे. सणापूर्वीची साफसफाई चालू होती. आमच्या माजघरात कपाटाशेजारी आईचा तंबोरा उभा असतो. मिरजेचा. आईला जाऊन अकरा वर्षे झाली. पण गवसणी घातलेला तो तंबोरा कोपऱ्यात उभा असला की घरात वडीलधारे कोणीतरी आहे असे वाटते. जळमटे काढायला मी स्टुलावर चढलो, झाडूचा दांडा तंबोऱ्याला लागला, आणि तो आडवा झाला. आवाज फार मोठा झाला नाही. गवसणी काढून पाहतो तो भोपळ्याला खालच्या अंगाला चांगली वीतभर चीर गेलेली!

मी काय केले असेल? गवसणी पुन्हा घातली आणि तंबोरा होता तसा उभा करून ठेवला. कारण त्या तंबोऱ्याची खरी वारस मी नव्हे, माझी थोरली बहीण. आई तंबोरा घेऊन बसे आणि आक्का तिच्यासमोर सूर लावी. मी त्या वेळी दारात गोट्या खेळत असे. आक्काचे लग्न झाले, ती सिडकोत राहायला गेली, तिचे गाणे सुटले. पण सणावारी आली की ती एकदा तरी माजघरात जाऊन तारांवरून बोट फिरवते. पन्नाशी उलटली तरी आक्कापुढे चूक कबूल करायची म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. दिवाळी होऊन जाऊ दे, मग सांगू, असे ठरवून मी गप्प बसलो.

आणि चारच दिवसांनी आक्काचे चिरंजीव दारात हजर! हा मुलगा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला आहे. पहिलाच पुरा बोनस हाती यायचा होता आणि त्यातून त्याला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. पाठीवर मित्राची एक जुनी गिटार अडकवलेली, आणि चेहऱ्यावर लग्न ठरवायला निघालेल्या माणसाची काळजी.

“मामा, दोन गिटारी बघितल्यात. एक आहे अठरा हजारांची, दुसरी पासष्ट हजारांची. पासष्टवाली अस्सल महोगनीची आहे. सगळे म्हणतात आवाज लाकडात असतो. बाबा म्हणतात वेड लागलंय. तू सांग.”

“अरे, मला गिटारमधलं काय कळतं?”

“आजीचा तंबोरा आहे ना तुझ्याकडे. लाकडाचं आणि आवाजाचं तुला माहीत असणार.”

झाले! म्हणजे ज्या वस्तूवर मी पांघरूण घालून बसलो होतो, तीच नेमकी साक्षीला बोलावली गेली. भाच्याने गवसणी ओढली. चीर त्याला दिसलीच. तो माझ्याकडे पाहू लागला आणि मी पंख्याकडे पाहू लागलो.

“आईला माहीत आहे?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला. या एका अक्षरावर त्या दिवसापासून मामा-भाच्यांची भागीदारी सुरू झाली.

मग आम्ही दोन्ही वाद्ये शेजारी ठेवून एक साधा प्रयोग केला. तो तुम्हालाही घरी करता येईल. इलेक्ट्रिक गिटारची वायर कशालाही न जोडता तार छेडली, तर डासाच्या गुणगुणण्याइतका आवाज आला. शेजारच्या खोलीत तोही नाही. आता तीच गिटार आमच्या सागवानी कपाटाच्या दाराला टेकवून पुन्हा तार छेडली, तर आवाज एकदम भरला. स्वयंपाकघरातून विचारणा झाली की काय चालले आहे! गिटार तीच, तार तीच. मधल्या मध्ये कपाट गायला लागले.

तारेचा जन्मच असा आहे. ती बारीक असते. हवेतून सळसळत जाते, पण पुरेशी हवा हलवू शकत नाही. तिला एक मोठा पृष्ठभाग हवा असतो. तंबोऱ्यात तार घोडीवरून जाते, घोडी खालच्या लाकडी तबलीला हलवते, आणि तबलीमागे असतो पोकळ भोपळा. तबली आणि भोपळ्यातली हवा मिळून तारेची थरथर खोलीभर पोचवतात. तेव्हा तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे नुसते पोट नव्हे, तो त्याचा कंठ आहे. तो हलका हवा, पातळ हवा, वाळलेला हवा. म्हणूनच पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत खास या कामासाठी मोठाले भोपळे पिकवतात. ते खाण्याचे नव्हेत. ते वाळवून मिरजेला जातात, तिथे त्यांना तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी मिळते. हा धंदा मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन यांच्यापासून त्याची सुरुवात सांगतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

“मग हेच तर मी म्हणतोय!” भाचा उसळून म्हणाला. “आवाज लाकडातच असतो.”

“तंबोऱ्याचा असतो. तुझ्या गिटारच्या पोटात काय आहे ते आधी उघडून दाखव.”

त्याने स्क्रू काढले. तारांखाली बसवलेली पिकअप नावाची वस्तू वर आली. आत काय असते? लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. बस्स. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उमटतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले हेच तत्त्व आपल्या वीजकेंद्रांतही चालते आणि सायकलच्या डायनॅमोतही. तो प्रवाह वायरने अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जातो, तिथे मोठा होतो, आणि शेवटी कर्ण्यातून नाद निघतो.

आता गंमत पाहा. पिकअप म्हणजे कान नव्हे. त्याला हवेतला आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याला फक्त चुंबकाला जुमानणारी तार हलली तेवढे कळते. गिटारवर नायलॉनची तार चढवली तर पिकअप ढिम्म! हाच पिकअप आईच्या तंबोऱ्याच्या तारांखाली धरला, तर जोडीच्या पोलादी तारा त्याला कळतील आणि खर्जाची पितळी तार कळणारच नाही. लाकडाची थरथर तर त्याला थेट दिसतही नाही. लाकडाला काही सांगायचे असेल तर ते तारेच्या हालचालीत फरक पाडूनच सांगावे लागते.

म्हणजे लाकूड तारेचे काही करत नाही का? करते, पण उलट्या दिशेने. तारेची दोन टोके लाकडावर टेकलेली असतात. लाकूड जितके हलेल तितकी तारेची शक्ती ते चोरील आणि सूर लवकर विझेल. तंबोऱ्याच्या भोपळ्याने ही शक्ती उदारपणे घेऊन हवेत वाटून टाकायची असते. इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडाने मात्र कंजूष व्हायचे असते. घ्यायचे नाही, द्यायचे नाही. तारेची थरथर तारेपाशीच राहू द्यायची. एकाच घरात दोन सुना, एकीला वाढण्याचे काम आणि दुसरीला किल्ल्या सांभाळण्याचे!

वास्तविक सुरुवातीच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गिटारी पोकळच होत्या. साध्या गिटारला पिकअप बसवला की झाले, अशी समजूत होती. परंतु कर्ण्याचा आवाज वाढवला की तोच आवाज परत येऊन पोकळ पोटाला हलवी, पोट तारांना हलवी, तारा पुन्हा कर्ण्याला, आणि लग्नाच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर गेल्यावर ऐकू येते तशी शिट्टी सभागृहभर घुमे. हे चक्र तोडायला पोट भरीव करणे भाग पडले.

अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास रिकेनबॅकरच्या कारखान्यातून जी पहिली नाव मिळवलेली इलेक्ट्रिक गिटार निघाली तिच्यात बहुतेक लाकूडच नव्हते. ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती आणि लांब दांड्याच्या तव्यासारखी दिसे, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणत. जॉर्ज बोशँप या वादकाची ही कल्पना; तिचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले. पुढे १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने पाइनचा चौकोनी ओंडका घेतला, त्यावर तारा आणि पिकअप बसवले आणि तो एका ठिकाणी वाजवून दाखवला. कोणी ढुंकून पाहिले नाही. मग त्याने एका जुन्या गिटारचे दोन पोकळ पंख करवतून ओंडक्याच्या दोन बाजूंना लावले आणि तेच पुन्हा वाजवले. लोक खूश! पंखांचा आवाजाशी काहीही संबंध नव्हता. लोक डोळ्यांनी ऐकतात, हे त्या दिवशी आपल्याला कळले, असे तो पुढे सांगत असे.

हे ऐकून भाच्याचा चेहरा थोडा पडला. पण तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे, सहजासहजी ऐकणारा नव्हे.

“मामा, तुझं पुस्तकी ज्ञान राहू दे. दुकानात चल. मी डोळे मिटून लाकूड ओळखून दाखवतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. बरोबर गिटार वाजवणारा त्याचा मित्र. दुकानदार भला माणूस. धनत्रयोदशी तोंडावर असूनही त्याने आम्हाला अर्धा तास दिला. भाच्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले. मित्राने अठरा हजारांची आणि पासष्ट हजारांची गिटार आलटून पालटून वाजवली. काय आश्चर्य! भाच्याने प्रत्येक वेळी बरोबर ओळखली. “ही महोगनी. भरदार आहे, गोल आहे.” तो विजयी मुद्रेने वळला. मी मनातल्या मनात माझी हार लिहून टाकली.

इतक्यात मित्रच म्हणाला, “पण काका, दोन्हींचे पिकअप वेगळे आहेत. स्वस्तातलीला एकेरी वेढ्यांचे आहेत, महागडीला जोडवेढ्यांचे. आवाज तिथूनच बदलतो.”

दुकानदाराने मग तिसरी गिटार काढली. साध्या लाकडाची, पण तशाच जोडवेढ्यांच्या पिकअपची. वायर तीच, अ‍ॅम्प्लिफायर तोच, वाजवणारे हात तेच. दहा वेळा वाजवले. भाच्याने पाच वेळा बरोबर सांगितले आणि पाच वेळा चूक. छापाकाटा केला असता तरी एवढेच जमले असते! सहाव्या खेपेला तर त्याने साध्या लाकडालाच ‘काय भरदार आहे!’ म्हणून दाद दिली. त्या क्षणी दुकानात जो फुटला तो भ्रमाचा भोपळा.

आमचा प्रयोग काही प्रयोगशाळेतला नव्हे. पण आमच्यापेक्षा चिकट माणसांनीही तो केला आहे. जिम लिल नावाच्या अमेरिकन वादकाने २०२१ साली शेवटचे टोक गाठले. त्याने गिटारचे शरीरच काढून टाकले. दोन भक्कम आधारांच्या मध्ये नुसत्या तारा ताणल्या, पिकअप नेमक्या त्याच जागी आणि त्याच उंचीवर धरला आणि आवाज टिपला. चांगल्या गिटारच्या आवाजाशी तो इतका जुळला की फरक सांगणे कठीण. तारेची लांबी, पिकअपचा प्रकार, तो घोडीपासून किती दूर आहे आणि तारेच्या किती जवळ आहे, या गोष्टी आवाजाचे बरेचसे रूप ठरवतात. घोडीजवळचा पिकअप तिखट बोलतो, मानेजवळचा गोल. बाकीचे काम अ‍ॅम्प्लिफायर, कर्णा आणि वाजवणाऱ्याची बोटे करतात. लाकडालाकडांतला थोडा फरक बारीक यंत्रांना मोजता येतो हे खरे. परंतु तो मैफलीत बसलेल्या कानाला कितपत कळतो यावर जाणकारांत अजून भांडणे चालू आहेत. पासष्ट वजा अठरा म्हणजे सत्तेचाळीस हजारांइतका तो नक्कीच नाही.

दुकानातून निघालो तेव्हा भाचा गप्प होता. तरुण माणसाचे लाकडावरचे प्रेम मोडले की त्याला थोडे फिरवून आणावे. मी त्याला बीबी का मकबऱ्याच्या बागेत नेले. आपल्या शहरात पाहुणा आला की आपण त्याला तिथे नेतोच, आणि पाहुणा ‘ताजसारखाच की हो!’ म्हणतोच. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर सतराव्या शतकाच्या मध्याला बांधली गेली. घुमट संगमरवरी आहे, खालचा पट्टाही संगमरवरी आहे. पण मधल्या मोठ्या भागात आहे आपला काळा बसाल्ट, वरून पांढऱ्या चुन्याचा घोटीव गिलावा. संध्याकाळच्या उजेडात दुरून पाहणाऱ्याला सगळे एकच दिसते.

“म्हणजे महोगनीचं पॉलिश म्हणजे हा गिलावा?” भाच्याने विचारले.

“तसंही नाही,” मी म्हणालो. “जवळ जाऊन बघ.”

जवळ गेले की कळते. गिलावा जागोजागी झिजतो, पोपडे धरतो, पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. संगमरवराचे तसे होत नाही. तेव्हा साहित्याला किंमत आहेच. फक्त ती दिसण्यात कमी आणि टिकण्यात जास्त आहे. गिटारचेही असेच. तो अ‍ॅल्युमिनियमचा तवा आठवा. त्याचा आवाज उत्तम होता, पण मंचावरच्या दिव्यांनी धातू तापला की प्रसरण पावे आणि तारा बेसूर होत. तिथे साहित्य आडवे आले, ते आवाजात नव्हे, सुरात.

बागेतल्या कट्ट्यावर बसून आम्ही मग कागदावर टिपून घेतले की लाकडाचे खरे काम कुठे आहे. पहिले काम मानेचे. तारांचा ताण रात्रंदिवस मानेवर असतो. ती कच्च्या लाकडाची असेल तर वाकते, पडदे आणि तारा यांचे अंतर बिघडते, आणि मग कितीही महाग पिकअप लावा, ‘सा’ कुठे आणि ‘रे’ कुठे! काही पडद्यांवर सूर लवकर मरतो, तोही बऱ्याचदा मानेच्या दोषाने. मानेवरच्या पट्टीसाठी जगभरचे कारागीर ज्या लाकडांची वाट पाहतात त्यांत आपल्या सह्याद्रीतला शिसवही आहे. २०१७ साली शिसवाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा गिटारवाले हवालदिल झाले. २०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली पडला. दुसरे काम हवेशी झुंजण्याचे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी पडते. नीट न वाळवलेले लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन बोटांना टोचतात. तिसरे काम वजनाचे. तीन तास खांद्यावर ओझे वागवायचे असेल तर हलके लाकूड हे सुखच. फेंडरच्या गिटारी अ‍ॅश आणि ऑल्डरच्या, गिब्सनच्या लेस पॉल गिटारी महोगनीवर मेपलचा थर दिलेल्या. दोन्ही १९५० नंतरच्या दशकातल्या आणि दोन्हींवर थोर वादक वाजवून गेले. म्हणजे लाकूड कोणते यापेक्षा ते नीट वाळवले, नीट जोडले आणि सरळ राहिले, हे मोठे.

“पण मामा, मोठे वादक स्वस्तातल्या गिटारी थोड्याच वाजवतात?”

“वाजवतात! डॅनलेक्ट्रोच्या गिटारींना लाकडी चौकटीवर हार्डबोर्डचे पत्रे ठोकलेले असत, आणि त्यातली एक लेड झेपेलिनच्या जिमी पेजने वाजवली. पण तुला जवळचं उदाहरण देतो. पाचगणीचं.”

पाचगणी म्हटल्यावर तो हसला. परंतु गोष्ट खरी आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकला. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गायक म्हणून जगभर गाजला. त्याच्या शेजारी उभा राहून गिटार वाजवणारा ब्रायन मे शाळकरी वयाचा असताना त्याला नवी गिटार घेणे परवडत नव्हते. १९६३ साली त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरीच करायला घेतली. मान केली ती एका जुन्या शेकोटीच्या महोगनी फळीतून. तिला किडीची भोके होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. शरीराला जुन्या टेबलाचे ओक आणि साधा ब्लॉकबोर्ड, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, मानेवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या गुंड्यांच्या. आतला थोडा भाग त्याने मुद्दाम पोकळ ठेवला, कारण ती कर्ण्यासमोरची शिट्टी त्याला हवी होती, आणि ताब्यातही हवी होती. पुढे तो मोठा वादक झाला. २००७ साली खगोलभौतिकीत डॉक्टरही झाला. हवी ती गिटार विकत घेण्याची ऐपत आली. पण आयुष्यभर तो तीच शेकोटीची गिटार वाजवत आला. महोगनी होतीच की तिच्यात! पण ती महोगनी म्हणून मोलाची नव्हती. बापाने आणि मुलाने मिळून तासलेली, म्हणून मोलाची होती.

भाचा बराच वेळ घुमटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मामा, अठरावाली घेतो. मान बघून, पडदे बघून. पुढंमागं पिकअप बदलता येतील.” आणि जरा थांबून, “आजीच्या तंबोऱ्याला किती खर्च येईल?”

त्या रात्री मी आक्काला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले. ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “आवाज गेला का रे?”

दिवाळी झाल्यावर आम्ही तिघे, म्हणजे आक्का, भाचा आणि मी, तंबोरा रजईत गुंडाळून मिरजेला गेलो. दाजी आले नाहीत; एका घरातून दोन वाद्यवेडे पुरेत, असे त्यांचे मत. मिरज गाव मोठे सुरेल. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. १९३७ साली ते गेल्यावर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना विसावा मिळाला. आम्ही ज्या कारागिराकडे गेलो त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, भोपळ्यावर बोटाने टिचक्या मारल्या, चिरेवरून अंगठा फिरवला, आणि आक्काकडे पाहून म्हणाले, “ताई, दोन रस्ते आहेत. नवा भोपळा बसवतो. वाद्य नव्यासारखं दिसेल, पण आवाज नव्या भोपळ्याचा येईल. नाहीतर हाच भोपळा आतून पट्टी लावून जोडतो. डाग राहील. पण आवाज बराचसा याचाच राहील.”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या गिटारचे शरीर उद्या करवतीने कापून दुसरे लावले, तरी पिकअप, तारा आणि मान तीच असली तर ती जवळजवळ त्याच आवाजात बोलेल. आजीचा तंबोरा तसा बोलणार नाही. जिथे आवाज चुंबकात जन्मतो तिथे शरीर बदलता येते. जिथे तो शरीरातच जन्मतो तिथे शरीर बदलणे म्हणजे माणूस बदलणे. हे मी त्याला पंधरा दिवस समजावून सांगत होतो. कारागिरांनी ते चार वाक्यांत सांगितले.

“हाच जोडा,” आक्का म्हणाली. “डाग राहू द्या.”

काम झाल्यावर जवारी लावायला त्यांनी एक सकाळ घेतली. घोडीचा माथा किंचित उताराचा असतो. तार तिच्यावरून जाताना तिला हलकेच घासते, आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. या साध्या दिसणाऱ्या घोडीने सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही कोड्यात टाकले होते. १९२१ साली त्यांनी यावर निबंध लिहिला. जिथे तार छेडली तिथे जे उपस्वर उमटायलाच नकोत, ते या वाद्यात स्वच्छ ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. कारागिरांनी रामन वाचले नव्हते. त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला, थोडा पुढे, थोडा मागे, आणि एका जागी तंबोरा एकाएकी उजळला. आक्काने पदर डोळ्यांना लावला. भाचा खिडकीतून बाहेर बघू लागला. मी त्या वेळी पंख्याकडे पाहिले नाही.

आता तंबोरा आमच्याकडे नाही, आक्काकडे आहे. ज्याची वस्तू त्याच्या घरी बरी, आणि माझ्या स्टुलापासून दूर तर फारच बरी! भोपळ्यावर ती चीर अजून दिसते. संध्याकाळी वरच्या खोलीत भाच्याची अठरा हजारांची गिटार गरजते आणि खालच्या खोलीत आक्का षड्ज लावून बसते. दाजींची तक्रार आहे की दोन्ही सूर एकमेकांशी जुळत नाहीत. आक्का म्हणते, जुळतील. पोराला अजून तारा लावता येत नाहीत एवढेच.